पोदेराच्या हॉर्नला कुत्री उठली नाही तर: कुत्र्या-मांजरांचे आजार ओळखणं, उपचार आणि बचाव

पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, हॉर्न वाजला की आमची कुत्री चंपी फाटकापाशी जायची. पावाचा तुकडा मिळो न मिळो, जायचीच. एका चतुर्थीच्या आदल्या दिवशी हॉर्न वाजला, पोदेर पुढच्या वाड्यावर (वस्तीवर) पोचलासुद्धा, आणि चंपी सोप्यावर तशीच पडून राहिली. घरात गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची गडबड, नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण, येणारे-जाणारे. पावसाने कंटाळली असेल, असं म्हणून मी कामाला लागले. दुसऱ्या दिवशी तिने पेज हुंगून सोडली. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं तेव्हा तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. रक्तातल्या प्लेटलेट्स अगदी तळाला गेल्या होत्या. गोचीड-ताप. ती वाचली, पण त्यासाठी महिनाभर गोळ्या, चार वेळा रक्ततपासणी आणि बऱ्याच जागत्या रात्री लागल्या.

मी डॉक्टर नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात घरची आणि वाड्यावरची कुत्री-मांजरं सांभाळत आले आहे, आणि बहुतेक जनावरं आजारामुळे जातात त्यापेक्षा "बघू उद्या"मुळे जातात, हे मी फार वेळा पाहिलंय. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. औषधाचं प्रमाण मात्र कुठेच दिलेलं नाही. ते जनावराचं वजन आणि तपासणी बघून डॉक्टरांनीच ठरवायचं.

आधी आपलं जनावर निरोगी असताना ओळखा

सकाळी खायला घालण्याआधी पाच मिनिटं काढा आणि सगळ्या अंगावरून हात फिरवा. लाड करताना हात फिरतोच, फक्त लक्ष देऊन फिरवायचा.

ओठ वर करून हिरडी बघा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि सोडल्यावर २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. फिकट हिरडी म्हणजे रक्त कमी, पिवळी म्हणजे कावीळ, निळसर म्हणजे श्वास पुरत नाही. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी हलकेच ओढून आतली कड बघा. मग खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच जागेवर बसायला हवी. उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. कान हुंगा, आंबूस वास आला तर आत जंतुसंसर्ग आहे. बोटांच्या बेचक्या, काखा, कानाच्या आतली घडी आणि शेपटीचं मूळ ही गोचिडीची आवडती ठिकाणं. शेवटी पोट उघडं करून बघा. तिथे टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले तर कातडीखाली रक्त झिरपतंय, आणि त्या कुत्र्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

घरात एक डिजिटल थर्मामीटर फक्त जनावरांसाठी ठेवा. टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारातून दोन सेंटिमीटर आत घालायचा आणि आवाज येईपर्यंत धरून ठेवायचा. एकाने डोकं कुशीत घ्यावं, दुसऱ्याने शेपटी उचलावी. कुत्रा आणि मांजर दोघांचंही तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. म्हणजे आपल्याला ताप वाटेल तो त्यांचा नेहमीचा आकडा आहे. १०३ च्या वर ताप समजा. १०४ च्या वर त्याच दिवशी डॉक्टर. आणि आजारी जनावराचं तापमान ९९ च्या खाली गेलं तर ते तापापेक्षा वाईट. नाक गरम की गार यावरून काहीही ठरत नाही. आमच्याकडे अजून सगळे नाकालाच हात लावतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

झोपेत श्वास मोजा. छाती एकदा वर-खाली झाली की एक. मिनिटाला ३० च्या आत असावा. झोपेतही सतत ४० च्या वर जात असेल तर थांबू नका. महिन्यातून एकदा वजन करा: त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. हे आकडे कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवले तरी पुरे.

गोचीड: गोव्यातला सर्वांत मोठा त्रास

यावर जास्त लिहिते, कारण माझ्या पाहण्यातली निम्मीअधिक आजारपणं इथूनच सुरू झाली.

आपल्याकडची तपकिरी गोचीड दमट उष्ण हवेत बारा महिने वाढते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीच्या घरात असतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. चिऱ्याची उघडी भिंत, गडगा, दाराच्या चौकटीमागची फट, खाटेखालचा कोपरा या तिच्या जागा. ती वर चढते, त्यामुळे फक्त जमीन पुसून उपयोग नाही. बॅटरी घेऊन छताजवळचे कोपरे आणि पडद्यांच्या घड्या बघा. न खाता ती महिनोन्‌महिने जगते. म्हणूनच "गोळी दिली तरी पुन्हा गोचिडी झाल्या" अशी तक्रार येते. गोळीचा दोष नसतो, भिंतीतल्या फटी तशाच राहिलेल्या असतात.

अंगावरची गोचीड काढताना चिमटा कातडीला अगदी टेकवून सरळ वर ओढा. पिरगाळू नका. रॉकेल, चुना, उदबत्तीचा चटका यांपैकी काहीही नको. चटका बसला की ती तोंडातली लाळ जखमेत ओकते आणि रोगाचे जंतू आणखी आत जातात. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात टाका, नखाने चिरडू नका.

गोचिडीतून येणारे मुख्य आजार दोन, एर्लिकिया आणि बबेसिया. एर्लिकियात ताप, खाण्यावरून मन उडणं, गळ्याच्या गाठी सुजणं, डोळ्यांतून पाणी, आणि पुढे नाकातून किंवा कातडीखाली रक्तस्राव. बबेसिया रक्ताच्या तांबड्या पेशी फोडतो. त्यात हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी काळ्या चहासारखी होते, कुत्रा चार पावलं चालला की बसतो. दोन्ही एकदम होऊ शकतात. लक्षणांवरून अंदाज येतो, खात्री रक्त तपासल्यावरच. संपूर्ण रक्तगणना, प्लेटलेट्स आणि रक्ताची काच (काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली) तपासायला सांगा.

एर्लिकियासाठी सहसा डॉक्सिसायक्लिन २८ दिवस देतात. इथे घोटाळा असा होतो की चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागतो आणि गोळ्या कपाटात राहतात. जंतू अंगात दबून राहतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, अस्थिमज्जेवर घाला घालतो. तेव्हा हातात फारसं काही उरत नाही. म्हणून पाकीट संपवा, आणि नंतर पुन्हा रक्त तपासा. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी होते. शितात मासळीचा काटा काढलेला तुकडा मिसळला की आमच्याकडे काम होतं. बबेसियाचं औषध वेगळं असतं, त्यामुळे शेजारच्या कुत्र्याचं उरलेलं औषध आपल्या कुत्र्याला चालेल असं धरू नका.

प्रतिबंधासाठी महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी, मानेवर टाकायचे थेंब किंवा पट्टा यांपैकी एक काहीतरी बारा महिने चालू ठेवा. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. सोबत चिऱ्यांमधल्या फटी गिलाव्याने बुजवा, अंथरूण आठवड्यातून एकदा कडक उन्हात घाला, पावसाळ्यात गरम पाण्यात धुवा.

आणि घरात मांजर असेल तर हे दोनदा वाचा. कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. थरथर, झटके आणि मृत्यू. औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणाऱ्या मांजरालाही धोका असतो, ते वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा.

पिल्लू ओकतंय आणि रक्ताची हगवण आहे

सहा आठवडे ते सहा महिन्यांचं पिल्लू, कालपर्यंत खेळणारं, आज कोपऱ्यात. आधी उलट्या, मग पाण्यासारखी, कुबट वासाची, रक्ताची हगवण. पार्वो हा विषाणूचा आजार समजा आणि लगेच निघा. पिल्लाच्या अंगात पाण्याचा साठा तो किती, एका रात्रीत ते सुकून जातं. विषाणू मारणारं नेहमीचं औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शनं, बाकीच्या जंतूंसाठी प्रतिजैविक आणि ऊब यांच्या जोरावर शरीराला चार-पाच दिवस टिकवून धरायचं असतं. लवकर नेलेली बरीच पिल्लं वाचतात. उलट्या चालू असताना घरी तोंडाने दूध, पेज, ओआरएस काहीही कोंबू नका. श्वासनलिकेत जातं.

पार्वोचा विषाणू मातीत, सावलीत वर्षभर जिवंत राहू शकतो. फिनाईलने तो मरत नाही. कपडे धुण्याचं ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग असं करून आधी स्वच्छ धुतलेल्या फरशीवर दहा मिनिटं राहू द्यावं लागतं. ज्या अंगणात पार्वो झाला तिथे लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू आणू नका. आमच्या वाड्यावर एका घरात तीन महिन्यांत तीन पिल्लं गेली. प्रत्येक वेळी मुलांच्या रडण्यावर उतारा म्हणून दुसरं आणलं होतं.

काळी डांबरासारखी हगवण आणि पांढऱ्या हिरड्या असतील तर अंकुशकृमी असू शकतात. पावसातल्या ओल्या मातीतून हे जंत तळव्यांच्या कातडीतूनही शिरतात. पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांचं होईपर्यंत जंताचं औषध द्यावं. मोठ्यांना दर तीन महिन्यांनी.

डोळ्या-नाकातून पिवळा चिकट स्राव, खोकला, तळवे कडक होणं आणि मग जबडा किंवा पाय लयीत उडणं ही डिस्टेंपरची लक्षणं. तो वाईट आजार आहे, आणि लसीने टळतो.

पावसाचे चार महिने

शेतात आणि भाटात (माडांच्या बागेत) उंदीर असतात, त्यांची लघवी साचलेल्या पाण्यात मिसळते आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) येतो. ताप, अंगदुखीने पाठ वाकवून चालणं, डोळ्यांत पिवळेपणा, लघवी फार कमी किंवा फार जास्त. हा आजार आपल्यालाही होतो. अशा कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला, अनवाणी फिरू नका, आणि घरात कुणाला ताप आला तर डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराबद्दल सांगा. लेप्टोची लस दरवर्षी लागते. रात्री कुत्र्याचं उरलेलं शीत अंगणात ठेवू नका, उंदीर त्यावरच जगतात.

जखमेत किडे पडणं हेही याच दिवसांतलं. कानामागे किंवा शेपटीखाली एक लहानशी जखम, माशी बसली की दीड-दोन दिवसांत आत पोखरण. आधी वास येतो, मग दिसतं. भोवतालचे केस कात्रीने कापा, मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, दिसतील ते किडे चिमट्याने काढा, पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून चहाच्या रंगाएवढं पातळ करून लावा. पण खोल भोक असेल तर डॉक्टरांकडेच, कारण आतले किडे गुंगी दिल्याशिवाय निघत नाहीत. किडे मारायची पांढरी पावडर कुत्र्याने चाटली तर विषबाधा होते, आणि मांजराला ती मुळीच लावू नये. टर्पेंटाइनचंही तेच.

केस ओले राहिले की बुरशी येते. गोल टक्कल आणि कडेला पापुद्रा असेल तर गजकर्ण. ते मुलांना लागतं. भरपूर खाज, कानाच्या कडा आणि कोपरं खरखरीत असतील तर खरूज. दोन्हींचं औषध वेगळं आहे, म्हणून कातडी खरवडून तपासायला लावा. जळकं इंजिन ऑइल फासण्याची पद्धत अजून चालते. ती कातडी भाजते आणि चाटलं की पोटात जातं. कृपा करून थांबवा.

मांजर दुखणं लपवतं

मांजराबाबत दोन गोष्टी कायम लक्षात ठेवा. पहिली, बोका पुन्हा पुन्हा मुतायला बसतोय, ओरडतोय, आणि थेंबही येत नाही. लोक समजतात बद्धकोष्ठ झालं, आणि एरंडेल देतात. प्रत्यक्षात मूत्रमार्ग बंद झालेला असतो. एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. रात्री दोन वाजता कळलं तरी रात्री दोनलाच फोन करा. दुसरी, मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही, विशेषतः लठ्ठ मांजराने, तर यकृतात चरबी साचू लागते आणि मूळ आजारापेक्षा तेच जड जातं. कुत्र्याने एक वेळ उपास केला तर चालतं, मांजराचं तसं नाही.

शिंका, डोळे चिकटणं, जिभेवर फोड असतील तर मांजरांचा फ्लू. कोमट पाण्याच्या कापसाने डोळे पुसा, सुंगटाचा (कोळंबीचा) किंवा तारलीचा वास येईल असं काही कोमट करून द्या. वास आला तरच मांजर खातं. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर दिसलं तर त्याला धरून-ओढून त्रास न देता पेटीत ठेवून थेट न्या.

पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. कुत्र्यालाही ती आणि आयब्युप्रोफेन घरच्या घरी देऊ नका.

माद्या, आणि वाड्यावरची कुत्री

ऑपरेशन न केलेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांनी खूप पाणी पिऊ लागली, जेवण सोडलं, पोट फुगलं, कधी मागून पू आला, तर गर्भाशयात पू झालाय. स्राव दिसतोच असं नाही. यावर खात्रीचा उपाय ऑपरेशनच, आणि तेही लगेच. लवकर नसबंदी केलेल्या कुत्रीला हे होत नाही, स्तनाच्या गाठींचा धोकाही बराच कमी होतो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या मागच्या भागातून रक्त ठिबकताना दिसतं, जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ असते. ती संबंधातून पसरणारी गाठ आहे. लोक कॅन्सर म्हणून सोडून देतात. पण आठवड्याला एक असं विंक्रिस्टिनचं इंजेक्शन चार ते सहा वेळा दिलं की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. मी चार कुत्र्यांना बरं झालेलं पाहिलंय. कानाला खाच असलेल्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते, तुमच्या वाड्यावर खाच नसलेली किती आहेत ते एकदा मोजा.

रेबीज

२०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी गावोगाव जाळी घेऊन कुत्र्यांना लसी टोचल्या, शाळांतून मुलांना शिकवलं, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. याचा मला अभिमान आहे. पण दोडामार्ग, सावंतवाडी, बेळगाव, कारवारकडून येणाऱ्या कुत्र्यांना सीमा कळत नाही, म्हणून लस थांबवायची नाही. पहिली तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस, मग दरवर्षी. घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही.

जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, अशा कुत्र्याच्या घशात हाड अडकलंय असं समजून तोंडात हात घालू नका. ही चूक लाखमोलाची माणसं करतात, कारण त्यांना कुत्र्याची दया येते. त्याला खोलीत बंद करा आणि पशुवैद्यकीय खात्याला कळवा. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ, काहीही झालं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची नको. मग आरोग्य केंद्र किंवा गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). त्वचेत देण्याच्या पद्धतीत डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. कातडी फुटून रक्त आलं असेल किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं) लागतं. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवता येतो, पण त्याची वाट बघत लस लांबवू नका.

घरातलं विष, आणि साप

नेवरीत बेदाणे असतात, नाताळच्या केकमध्येही. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील ते आधी सांगता येत नाही. कांदा, लसूण, चॉकलेटही नको. मासळीचे शिजलेले काटे घशात रुततात. उंदराचं विष खाल्लं तर तीन-चार दिवस काहीच दिसत नाही, मग रक्तस्राव सुरू होतो. म्हणून पुडा सोबत घेऊन लगेच जा.

कुळागरात (सुपारीच्या बागेत) घोणस, नाग, मण्यार, फुरसं चारही आहेत. कुत्र्याचं तोंड किंवा पंजा अचानक सुजला, किंवा मागचे पाय लुळे पडले तर कापू नका, दोरीने आवळू नका, चालवू नका. उचलून गाडीत घाला. माणसांना देतात तेच चारही सापांवरचं प्रतिविष कुत्र्यांनाही चालतं. दवाखान्यात ते आहे का, हे वाटेतून फोन करून विचारा.

लसी आणि दाराआडचा कागद

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांत पहिली एकत्रित लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. मधला डोस चुकला तर संरक्षण राहत नाही, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधीची लस निकामी करत असते. मांजराच्या पिल्लालाही आठव्या आठवड्यापासून त्याची तिहेरी लस. शेवटच्या डोसानंतर दोन आठवडे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली सोडू नका.

सरकारी पशुचिकित्सालयं तालुक्या-तालुक्यांत आहेत. पणजीत टोंकला आणि मडगावजवळ सोनसोडोला मोठी आहेत. वेळा आधी विचारून घ्या. आमच्या दाराआड एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर जवळच्या दवाखान्याचा नंबर, रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर, आणि ज्यांच्या गाडीत ओला कुत्रा घातला तरी चालतो अशा दोन शेजाऱ्यांचे नंबर. दिवाडीला राहत असाल तर फेरीबोटीची वेळही त्याच कागदावर लिहा. खाली चंपीचं वजन, शेवटच्या लसीची तारीख आणि मागच्या रक्ततपासणीतल्या प्लेटलेट्सचा आकडा. पोदेर येऊन गेला आणि ती उठली नाही, तर थर्मामीटर त्याच कागदाच्या खालच्या खिळ्याला टांगलेला आहे.